झाडाच्या दोन्ही बाजूंना

“तुमच्याकडे रेनडिअर आहेत तरी किती?”

एवढंच विचारलं होतं मी. उत्तर नॉर्वेतल्या काउटोकेइनो गावातल्या एका स्वयंपाकघरात, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. टेबलाभोवती आम्ही पाच जणी बसलो होतो. मध्ये गाजरं आणि बटाट्यांचा हा एवढा ढीग, आणि सोललेल्या सालींचा ओलसर मातकट वास. समोर माझ्या मैत्रिणीची आत्या होती. तासभर तिच्याशी गप्पा छान रंगल्या होत्या, त्या ओघात प्रश्न तोंडातून गेला. तिच्या हातातली सुरी थांबली. शेजारणीचीही थांबली. शेगडीत बर्चचं लाकूड तडतडलं, तेवढाच काय तो आवाज. मग खिडकीजवळ बसलेली आहक्कू, म्हणजे मैत्रिणीची आजी, बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाली, “झाडाच्या या बाजूला काही आहेत, त्या बाजूलाही आहेत थोडे.” सगळ्या हसल्या, सुऱ्या पुन्हा चालू झाल्या आणि विषय नवरीच्या शालीच्या गोंड्यांवर गेला. मीही हसले. पण काहीतरी चुकलं होतं हे कळायला भाषा लागत नाही.

रात्री अंथरुणं घालताना मैत्रिणीनं सांगितलं, “ते विचारायचं नसतं. बँकेत किती आहेत, असं विचारल्यासारखं होतं ते.” तिनं हे अगदी मायेनं सांगितलं. पण मी ज्या घरात वाढले तिथे नव्या पाहुण्याच्या हातात पाण्याचं तांब्याभांडं टेकवता टेकवता पगार विचारतात, जमीन किती एकर, बागायत की जिरायत हेही विचारतात. त्यात आगाऊपणा कोणाला वाटत नाही, उलट विचारलं नाही तर परकेपणा वाटतो. म्हणून बँकेची उपमा मला कळली, पण भिडली नाही. मी बराच वेळ जागी होते. बाहेर उणे पंधरा असेल, आणि झाडाच्या दोन्ही बाजूंना असलेले ते रेनडिअर डोक्यातून जात नव्हते.

ट्रोम्सोहून गाडीनं सहा-सात तास लागतात काउटोकेइनोला. वाटेतलं आल्टा शहर सोडलं की दरीतून रस्ता चढत जातो आणि मग एकदम पठार उघडतं. पांढरं, सपाट, कुठे कंबरेएवढी बर्चची झाडं. सामी लोक, म्हणजे इथले रेनडिअर पाळणारे मूळ रहिवासी, या गावाला गुओव्दागेआइद्नु म्हणतात. त्या नावात ‘मधली वाट’ आहे, आणि एप्रिलच्या तोंडाशी ते नाव पटतं. हिवाळाभर कळप या पठारावर बर्फाखालचं दगडफूल उकरून खात असतात, आणि ईस्टर उलटला की किनाऱ्याकडे निघतात. माणसंही त्यांच्यामागे निघतात. तेवढ्या दिवसांत सगळे एका ठिकाणी सापडतात. म्हणून जुन्या काळापासून बारसी, लग्नं, राहून गेलेल्या अंत्यविधींची कामं, बाजार, देणी-घेणी, सगळं याच आठवड्यात उरकायचं. आता रस्ते झाले, स्नोमोबाइल आल्या, तरी लग्नं ईस्टरचीच. आपल्याकडे सुगी आटोपली की पेरणीच्या आधी लग्नसराई गाठायची, तसंच हे. तिथे पावसाची घाई, इथे वितळणाऱ्या बर्फाची. मादी विणीच्या जागेकडे चालू लागली की ती कोणाच्या मुहूर्तासाठी थांबत नाही.

लग्न गावच्या लाल लाकडी चर्चमध्ये लागलं. हे चर्च १९५८चं. आधीचं १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं गावासकट जाळलं. आत शिरले आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर आवाज. बारीक, सततचा, पैंजणांचा घोळका लांबून येतोय असा किणकिणाट. मला वाटलं कुठे घंटा वाजतायत. त्या छातीवरच्या चांदीच्या रिस्कू होत्या. रिस्कू म्हणजे शाल अडकवायचं पदक, काही तर तळहाताएवढी. घुमटासारखं फुगीर, सोन्याचं पाणी दिलेलं, आणि कडेनं इवल्या इवल्या चकत्या टांगलेल्या. श्वास घेतला तरी त्या हलतात आणि एकमेकींवर आपटतात. अशा दोन-तीनशे बायका एका चर्चमध्ये श्वास घेत होत्या. नवरीच्या खांद्यांवर तर शालीवर शाल, पांढऱ्या रेशमाच्या, गुडघ्यापर्यंत लोंबणारे गोंडे, आणि गळ्यापासून पोटापर्यंत चांदीच चांदी. नवराही तिच्याच तोडीचा नटलेला. दोघांच्या अंगावर गाक्ती, म्हणजे सामींचा पारंपरिक अंगरखा, निळ्या बनातीची, काठाला लाल-पिवळ्या फितींचे थरावर थर. नवरीची गाक्ती तिच्या आईनं आणि मावशीनं गेला सबंध हिवाळा बसून शिवली होती. एका घराण्याचे लोक ओळीनं उभे राहिले की फितींच्या रचनेवरूनच कळत होतं कोण कोणाचं. आमच्या काउटोकेइनोत पट्ट्यावरच्या चांदीच्या बटणांवरूनसुद्धा कळतं, मैत्रीण कानात म्हणाली. गोल बटणं असली तर लग्न व्हायचंय, चौकोनी असली तर झालंय.

मी नकळत पायाची बोटं बुटात हलवली. जोडवी होती.

ती जोडवी आहक्कूनं आधीच पाहिली होती. आल्या आल्या माझे मोजे भिजले म्हणून शेगडीवर वाळत घातले, तेव्हा तिची नजर माझ्या पायांवर गेली. तिनं वाकून बोट लावलं आणि नॉर्वेजियनमध्ये विचारलं, “चांदी?” मी म्हटलं, हो, लग्नात घालतात. ती उठली, कपाटातून एक चिंधी काढली, चिंधीतून चांदीचा पोकळ गोळा. लिंबाएवढा, जाळीदार, खाली दोन-तीन कड्या लोंबणाऱ्या. हा पाळण्याला टांगायचा. भूमीखाली माणसांसारखेच लोक राहतात, ते देखणं बाळ बघून बदलून नेतात. पण चांदी असली की त्यांचं काही चालत नाही. सत्तर वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या मुलाच्या पाळण्यावर हा गोळा होता, आणि ज्या नातीचं उद्या लग्न होतं तिच्याही. सामी लोक स्वतः चांदी घडवत नसत. किनाऱ्यावरच्या शहरांतल्या सोनारांकडून ती कातडी आणि मांसाच्या बदल्यात यायची. सारखं फिरतं घर, त्यामुळे धन असं हवं की अंगावर घालून चालता आलं पाहिजे. मला माझ्या भावाचे वाळे आठवले, त्याच्या कमरेचा करदोटा, गालावरची काजळाची तीट. पण मी काही बोलले नाही. तिच्या तळहातावर तो गोळा हलत होता आणि ती ऐकत होती.

चर्चमधून सगळे क्रीडागृहात गेलो. पाहुणे किती म्हणाल तर सातशेच्या वर असतील, आणि तिथे हा काही मोठा आकडा नाही. लांबच लांब टेबलं, पाळीपाळीनं पंगती. मोठाल्या पातेल्यांतून बिदोस येत होतं. रेनडिअरचं मांस, बटाटा, गाजर, कांदा, मीठ, बस्स. तासन् तास मंद आचेवर शिजून सगळ्याचा एक जीव झालेला. मसाला नाही. पहिल्या घासाला मला फिकं वाटलं, तिसऱ्याला मी मान खाली घालून जेवत होते. वाढणारी पोरं नवऱ्याचे चुलतभाऊ होते, हातात डाव घेऊन पळत होती, आणि “अजून थोडं” असा आग्रह होता. गाजरं आम्ही कापलेली. ती ताटात ओळखू येत नव्हती, पण मी शोधत होते.

माझ्या टेबलावर ओळखी करून देता देता मैत्रीण दमली. नॉर्वेजियनमध्ये सगळ्यांना एकच ‘तांते’ आणि एकच ‘ओंकेल’, आपल्या आंटी-अंकलसारखं. सामीत तसं भागत नाही. वडिलांची बहीण सिएस्सा. आईची मोठी बहीण गोआस्की, धाकटी मुओठ्ठा. आईचा भाऊ एआनु. वडिलांचा थोरला भाऊ एआह्की, धाकटा चेआह्त्सी. मी तिला म्हटलं, थांब, आत्या, मावशी, मामा, काका. आमच्याकडेही वेगळे आहेत. पण थोरली मावशी आणि धाकटी मावशी यांना दोन स्वतंत्र शब्द? तिथे आम्ही हरलो. पलीकडची गोआस्की हे ऐकत होती. ‘मावशी’ हा शब्द तिनं चार वेळा म्हणून पाहिला आणि जाताना मला म्हणाली, मी तुझी मावशी. परक्या देशात नात्याचा शब्द असा कोणी आपण होऊन घेतला की घशात काहीतरी अडकतं. आठ वर्षं मला इथे कोणी मावशी नव्हती.

रात्री योइक झाले, म्हणजे सामींची पारंपरिक गाणी. योइक कोणाविषयी नसतो. तो त्या माणसाचाच असतो, त्याला सुरांत समोर उभं करणं असतं. नवऱ्याच्या मित्रानं नवऱ्याचा योइक धरला. शब्द जवळजवळ नव्हतेच, लो-लो-ला एवढंच, आणि ज्यांना तो माहीत होता ते हसत होते, कारण त्या सुरांत त्याची चाल होती म्हणे, थोडी घाईची. आहक्कू गायली नाही. ती सात वर्षांची असताना तिला वसतिशाळेत पाठवलं होतं. तिथे सामीत बोलायचं नव्हतं आणि योइक तर पापच. नॉर्वेच्या संसदेनं त्या सगळ्याबद्दल माफी मागितली ती १२ नोव्हेंबर २०२४ला. तोवर तिच्या बरोबरीच्या निम्म्या मुली गेल्या होत्या. पण नातीचा योइक सुरू झाला तेव्हा टेबलाखाली तिचा पाय हलत होता. मला तो दिसला, कारण मी तिच्या शेजारी बसले होते.

तिथेच तिनं मला तिच्या आजीच्या काळातली मागणी सांगितली. मुलाकडचे लोक रेनडिअरच्या गाड्यांची रांग करून यायचे, सोबत एक बोलका माणूस, मध्यस्थ. तो आत जाऊन बोलायचा, मुलाची तारीफ करायचा. कॉफी, चांदी, सगळं आणलेलं असायचं. पण खरा निकाल बाहेर लागायचा. मुलगी बाहेर आली आणि तिनं मुलाच्या रेनडिअरचा साज सोडला, की झालं. साज सोडला म्हणजे आता परत जायची घाई नाही, राहा. तिनं बोलायची गरजच नसायची. आणि ती आलीच नाही, तर जनावर जुंपलेलं ते जुंपलेलंच, आल्या वाटेनं माघारी. मी विचारलं, तुमच्या वेळी? आहक्कू म्हणाली, “माझ्या वेळी तो मोटारसायकलवर आला. मी म्हटलं, किल्ली दे.”

पाकिटांची रांग लागली होती. नवरा-नवरीपुढून एकेक जण जात होतं, हात हातात घेत होतं, पाकीट ठेवत होतं. जवळच्यांपैकी काही जण पाकीट न देता नुसतंच वाकून काहीतरी सांगत होते, आणि नवरी मान डोलवत होती. ते काय सांगतायत हे मला मैत्रिणीनं सांगितलं. ते रेनडिअर देत होते. जनावर कुठे तरी पठारावर चरत असतं, इथे फक्त शब्द. पुढे कळप गोळा केला की त्या जनावराच्या कानावर नवरीची खूण पडते. सामी बाळाला बाप्तिस्म्यालाच स्वतःची कानखूण मिळते. दोन्ही कानांवरच्या कापांचा एक जोड, जगात दुसऱ्या कोणाचा नाही, बहुतेकदा आईबापाच्या खुणेत थोडा फरक करून केलेला. धर्ममाता-पिता पहिली जनावरं तेव्हाच देतात. मुलगी वाढते, तशी तिची जनावरं वाढतात. लग्नानंतर ती नवऱ्याच्या कळपात मिसळतात, पण खूण तिचीच राहते. आडनाव बदललं तरी कान बदलत नाही.

हे ऐकताना मला फुलस्केप कागद आठवला. वर ‘श्री गजानन प्रसन्न’, कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं, आणि खाली निळ्या शाईत ‘मुलीच्या अंगावर ११ तोळे’. माझ्या आईच्या लग्नाच्या याद्या. दोन्हीकडच्या थोरांच्या सह्या आहेत, आईची नाही. पाटल्या किती, गोठ किती, मोहनमाळ किती पदरी, सगळं लिहिलेलं आणि भर बैठकीत मोठ्यानं वाचलेलं. त्या ११ तोळ्यांतलं आज एक मंगळसूत्र आहे. पाटल्या विहिरीत गेल्या, म्हणजे विहीर खणायला गेल्या. त्या विहिरीवर आमचा सगळा ऊस उभा राहिला, आम्ही भावंडं शिकलो, त्यामुळे वाईट झालं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आईही कधी म्हणाली नाही. पण गोठांचं काय झालं हे तिलाही नीट माहीत नाही. आकडा सगळ्या गावानं ऐकला होता, आणि तरीही ते सोनं तिचं होतं हे कशावरून ओळखायचं, तर फक्त त्या कागदावरून. सोन्याला कान नसतो.

आणि बारा वर्षांची असताना मी स्वतः मांडवाच्या दाराशी वही घेऊन बसले होते, मामाच्या लग्नात. माझं अक्षर चांगलं म्हणून. नाव, गाव, रुपये १०१, ब्लाउजपीस, स्टीलचा तांब्या. आईनं बजावलं होतं, एकही सोडू नकोस, हे सगळं परत करायचं असतं. मला ते काम फार आवडलं होतं. आकडे लिहिताना मी कोणीतरी मोठी झाले होते.

दुसऱ्या दिवशी आवराआवर करताना आत्याची, त्या सिएस्साची मी माफी मागितली. तिनं हात झटकला. मग भांडं पुसत पुसत म्हणाली, “आम्हाला आकडा विचारणारी माणसं नेहमी कागद घेऊन येतात.” तिच्या तरुणपणी १९७८चा कायदा आला. तोवर तिची जनावरं तिची होती, सासरच्या कळपात असली तरी. कायद्यानं कळपाचा परवाना एका प्रमुखाच्या नावावर आणला, आणि ते नाव बहुतेक घरांत नवऱ्याचं झालं. तिची खूण राहिली, पण कागदावर ती त्याच्या आकड्यात गेली. २००७च्या कायद्यात नवरा-बायकोला जोडीनं वाटा घेता येऊ लागला. मधली २९ वर्षं तशीच गेली. मग आकडे कमी करायचे हुकूम आले, चराई संपते म्हणून. योव्सेत आन्ते सारा नावाच्या तरुण पशुपालकाला कळप ७५वर आणायला सांगितलं. तेवढ्यावर पोट भरत नाही म्हणून तो सरकारविरुद्ध कोर्टात गेला. खालच्या दोन कोर्टांत जिंकला आणि डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याच्या बहिणीनं, मारेत आन्ने सारानं, गोळीची भोकं असलेल्या रेनडिअरच्या ४०० कवट्या ओस्लोत संसदेसमोर पडद्यासारख्या टांगल्या. हे मी बातम्यांत पाहिलं होतं. काउटोकेइनोतल्या त्या टेबलाशी मी तो प्रश्न विचारला तेव्हा ते सगळं त्या घरात बसलेलं होतं, आणि मला फक्त गाजरं दिसत होती.

निघताना सिएस्सानं मला विचारलं, जुलैत येशील का, पाडसांच्या खुणा करायला? हात कमी पडतात.

जुलैत गेलो. किनाऱ्यावरच्या एका बेटाच्या डोंगरावर, रात्री एक वाजता, कारण रात्री गारवा असतो आणि माश्या कमी. सूर्य मावळत नाही, समुद्रावर आडवा पडून राहतो. कुंपणात कळप गोल गोल फिरत होता, हजारो खुरांचा चिखलातला चपचप आवाज आणि पाडसांचं घशातलं घुरघुरणं. पाडसांना आधी पकडून गळ्यात नंबराचे बिल्ले बांधले होते. मग सोडून द्यायचं आणि बघायचं कोण कोणाच्या मागे जातं. आईच्या कानावर जी खूण, ती पाडसाची. दुर्बीण लावून कोणीतरी सांगतं आणि कोणीतरी लिहून घेतं. नवरी आता नवरी नव्हती. रबरी बूट, जॅकेट, कमरेला सुरी. तिनं मला वही दिली आणि पेन्सिल, आणि पानाच्या डोक्यावर स्वतःची खूण काढून दिली. दोन पानांसारखे कान, डाव्याच्या टोकाला एक तिरका काप, उजव्याच्या कडेला दोन. “तुझं अक्षर बरं आहे ना?” तिनं विचारलं.

तीन तास मी लिहीत होते. ती ओरडायची, “तेवीस!” मी तिच्या खुणेखाली २३ लिहायचे. “एकेचाळीस!” ४१. मग ती दोरी फेकायची, पाडसाला मांड्यांत धरायची. सुरी दोनदा-तीनदा फिरायची, पाडूस उठून आईकडे पळायचं. कानाचे कापलेले तुकडे ती टाकत नव्हती. प्रत्येक वेळी चिमटीत धरून छातीवरच्या खिशात घालत होती आणि चेन लावत होती. काम संपलं तेव्हा तिनं वही माझ्याकडून घेतली, मिटली आणि जॅकेटच्या आत ठेवली. मग आम्ही दोघी एका दगडावर बसलो, थर्मासातली कॉफी मध्ये. तिनं खिशाची चेन उघडली, आत हात घातला आणि न बघता, बोटांनीच ते मऊ केसाळ तुकडे चाचपू लागली. एकेक करत. तिचे ओठ हलत होते. मी कॉफीचं झाकण दोन्ही हातांत धरून समुद्राकडे बघत बसले.